पडद्यावरचा लाल डाग म्हणजे तारली नव्हे

मासळीचा विषय निघाला की हल्ली एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘आता सोनार आहे, मासा लपणार कुठे?’ म्हणणारा कधी मत्स्यव्यवसायातला सल्लागार असतो, कधी यंत्रं विकणारा, कधी चार बातम्या वाचून समुद्राचा जाणकार झालेला. पुढचं भाषणही ठरलेलं. पाण्यात ध्वनी सोडायचा, प्रतिध्वनी पडद्यावर उमटतो, त्यावरून कृत्रिम बुद्धिमत्तेचा हात फिरवायचा, की हा थवा तारलीचा, तो बांगड्याचा, पलीकडचा मांदेलीचा, हे यंत्रच सांगून मोकळं. मग महागडी सर्वेक्षण जहाजं कशाला? जाळं टाकून नमुने काढायचा खटाटोप कशाला? मासे फूटपट्टीवर ठेवणारे, चिरणारे, त्यांच्या कानातले खडे भिंगाखाली धरून वलयं मोजणारे जीवशास्त्रज्ञ तरी कशाला पोसायचे? समुद्र आता काचेचा झाला म्हणे.

हे मत अडाणीपणाचं असतं तर सोडून देता आलं असतं. पण ते आधुनिकतेचा झगा घालून येतं, विज्ञानाच्या बाजूनं बोलल्याचा आव आणतं आणि शंका घेणाऱ्याला मागासलेला ठरवतं. माझा राग नेमका त्यावर आहे. माशांचे थवे ध्वनीनं अभ्यासण्याचं शास्त्र नव्वद वर्षांत कष्टानं उभं राहिलं. आपल्या साधनाला काय ऐकू येत नाही, हे शोधण्यात त्या शास्त्रातल्या माणसांनी आयुष्यं घालवली. आणि त्यांचे भक्त म्हणवणारे मात्र ते सगळं पुसून ‘यंत्र ओळखतं’ एवढंच शिल्लक ठेवतात.

विरोधकाची बाजू लंगडी करून मांडण्याची मला गरज नाही. प्रकाश समुद्रात फार खोल जात नाही, आपल्या किनाऱ्यावरच्या गढूळ पाण्यात तर हातभरही नाही. रेडिओलहरी पाण्यात शिरताच विझतात. ध्वनी मात्र सेकंदाला सुमारे 1500 मीटर वेगानं धावतो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक. चालत्या जहाजाखालचा सगळा पाण्याचा स्तंभ एका क्षणात चाचपून घेणारं दुसरं साधन माणसाकडे नाही. नॉर्वेच्या ओस्कार सुंड यांनी 1935 मध्ये लोफोटेन बेटांजवळ विणीसाठी जमलेल्या कॉडचे प्रतिध्वनी कागदावर उमटवून ‘नेचर’ नियतकालिकात छापले, तेव्हापासून हे सिद्ध आहे. इथवर भांडण नाही.

भांडण आहे ते पुढच्या उडीशी. ऐकू आलं म्हणजे ओळखू आलं, ही ती उडी. सुंड यांच्या कागदावरचा पट्टा कॉडचाच आहे, हे त्यांना यंत्रानं सांगितलं होतं का? हिवाळ्यात लोफोटेनला कॉड येतो हे तिथल्या मच्छीमारांना शतकानुशतकं ठाऊक होतं आणि त्याच पाण्यात त्यांची जाळी कॉडनं भरत होती. नाव जाळ्यानं दिलं, यंत्रानं जागा दाखवली. शेजारच्या स्वयंपाकघरातून भांड्याचा आवाज आला म्हणून आत पुरणपोळी चालली आहे की पिठलं, हे छातीठोकपणे सांगणाऱ्याला आपण काय म्हणतो? पण तोच उद्योग पडद्यासमोर बसून केला की त्याला तंत्रज्ञान म्हणायचं!

मुळात परत काय येतं ते पाहू. माशाचं मांस घनतेनं पाण्याच्या इतकं जवळ असतं की ध्वनीला ते फारसं अडवत नाही. ध्वनी उलटतो तो प्रामुख्यानं माशाच्या पोटातल्या हवेवरून. ही हवा असते वाताशयात, म्हणजे आपल्याकडचे कोळी ज्याला बोत म्हणतात त्या पिशवीत. वाताशय असलेल्या माशाच्या प्रतिध्वनीपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक वाटा या एका पिशवीचा असतो, हे केनेथ फूट यांनी 1980 मध्येच दाखवलं. याचा सरळ अर्थ असा की सोनारला मासा ऐकू येत नाही, माशातली हवा ऐकू येते. ज्याच्या पोटात हवा नाही, त्याची पडद्यावर पत काय?

अटलांटिकमधल्या मॅकरेलला वाताशय नाही. हेरिंगला आहे. सर्वेक्षणात सर्रास वापरल्या जाणाऱ्या 38 किलोहर्ट्झच्या ध्वनीला तेवढ्याच लांबीच्या हेरिंगच्या तुलनेत मॅकरेल इतका क्षीण प्रतिसाद देतो की फरक दहापटीहून जास्त भरतो. म्हणजे हेरिंगचा लहानसा थवा आणि मॅकरेलचा प्रचंड थवा पडद्यावर सारख्याच रंगात उतरू शकतात. ‘पण वंश एकच असला की नियम लावता येईल ना?’ असं कुणी विचारेल. तेही नाही. मॅकरेल ज्या स्कॉम्बर वंशातला, त्याच वंशातल्या जपानी मॅकरेलला वाताशय आहे. सख्ख्या चुलत भावंडांची ही तऱ्हा, आणि आमचे यंत्रपंडित युरोपात बेतलेला अंगरखा कोकणच्या माशांना चढवायला निघाले आहेत.

आपल्याच ताटातलं उदाहरण घ्या. बोंबील ज्या गणात मोडतो त्या गणातल्या माशांना वाताशय नसतोच. बोंबलाच्या अंगात पाण्याचं प्रमाण नव्वद टक्क्यांच्या आसपास. पाण्यात पाण्यासारखाच असलेला हा मासा ध्वनीला काय अडवणार? त्याच पाण्यात घोळ फिरतो, ज्याच्या बोताला लाखांचा भाव मिळतो. पालघर ते मुंबईच्या किनाऱ्यावर या दोघांवरून सोनार फिरवला तर पडद्यावर रुबाब कुणाचा दिसेल? थोड्याशा घोळ माशांचा. आणि डोळ जाळ्यात टोपल्यांनी येणारा, या किनाऱ्यावरच्या हजारो घरांची चूल पेटवणारा बोंबील तळाच्या गाळाच्या कुजबुजीत हरवून जाईल. ‘समुद्र काचेचा झाला’ म्हणणाऱ्यांनी आधी हा बोंबील दाखवावा.

दुसरा दावा रंगाचा आणि आकाराचा. ‘अनुभवी माणूस पडदा बघून जात सांगतो’ असं म्हणतात. रंगाचं गुपित एवढंच की प्रतिध्वनी जोरदार असला की यंत्र लाल दाखवतं, क्षीण असला की निळं. ते रंग कारखान्यातल्या कुणीतरी निवडलेले असतात, माशाचा त्यांच्याशी संबंध नाही. आकाराचं म्हणाल तर ध्वनीचा झोत खोलीबरोबर पसरत जातो. सात अंशांचा झोत शंभर मीटरवर सुमारे बारा मीटर रुंद होतो. त्या रुंदीपेक्षा लहान थवा पडद्यावर फुगलेला दिसतो, जवळजवळचे दोन थवे एकमेकांत मिसळतात. शिवाय थवा म्हणजे दगड नव्हे. दिवसा घट्ट बांधलेला थवा रात्री विस्कटतो. मोठा मासा मागे लागला की त्याचा आकार क्षणात बदलतो. मासा तोंड खाली करून सुळकन खोल गेला की त्याचा वाताशय ध्वनीला वेगळ्या कोनातून भेटतो आणि प्रतिध्वनी अनेकपटींनी घसरतो. हेरिंग खोल उतरला की दाबानं त्याची हवा आक्रसते, आवाज आणखी बारीक होतो. मासा तोच, थवा तोच, आणि सकाळचं चित्र संध्याकाळच्या चित्राला ओळख देत नाही. मग पडदा बघून जात सांगणाऱ्या अनुभवी तांडेलाचं काय? त्याचं बरोबर येतं, कारण तो पडदा वाचतच नसतो. महिना, भरती, किती वाव पाणी, वारा आणि काल कुठल्या जाळ्याला काय लागलं, हे सगळं त्याच्या डोक्यात असतं. श्रेय यंत्राला देऊन टाकतो तो त्याचा मोठेपणा!

‘चुका होत असतील, पण एवढ्या ढोबळ नाही होत’ असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी इतिहासानं एक नमुना जपून ठेवला आहे. दुसऱ्या महायुद्धात, 1942 मध्ये, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापुढे अमेरिकन नौदलासाठी काम करणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञांना खोल पाण्याच्या मध्येच काहीशे मीटरवर एक ठळक थर आढळला. असे थर पुढे जगभर आढळत गेले आणि जहाजांवर ते समुद्राचा तळ म्हणूनही वाचले गेले. हा तळ दिवसा खाली असे आणि रात्री वर येई. तळ वर-खाली चालत नाही हे कळायला खरं तर सोनार लागत नाही. 1945 मध्ये स्क्रिप्स संस्थेचे जीवशास्त्रज्ञ मार्टिन जॉन्सन दिवस-रात्र त्या थराच्या मागावर राहिले आणि तो जिवंत प्राण्यांचा थर असल्याचं दाखवून दिलं. गंमत इथेच संपत नाही. 1963 मध्ये एरिक बरहॅम यांनी खोल पाण्यात उतरणाऱ्या त्रिएस्त पाणबुडीतून केलेल्या निरीक्षणांच्या आधारे सांगितलं की या प्रतिध्वनीत मोठा वाटा सायफोनोफोर नावाच्या जेलीसारख्या जीवांचा आहे. त्यांच्या अंगात वायूचा इवलासा फुगा असतो, तोच मोठ्यानं बोलतो. म्हणजे माशाचा मागमूस नसताना एक बुडबुडा माशाच्या नावानं हजेरी लावून जातो. जेली आपल्या किनाऱ्याला काही परकी नाही. तिच्या प्रतिध्वनीवर तारलीचं नाव पडलं तर ते पुसणार कोण?

यावर हुकमाचं पान पडतं: ‘हे सगळं जुनं झालं. आता कृत्रिम बुद्धिमत्ता आहे.’ नवेपणाचा हा दावाच मुळात शिळा आहे. ग्रीसच्या थर्मायकोस आखातात अँकोव्ही, सार्डिन आणि हॉर्स मॅकरेल यांचे थवे न्यूरल नेटवर्कनं वेगळे करण्याचा प्रयोग 1996 मध्ये प्रसिद्ध झाला. चांगला जमलाही. पण जाती होत्या तीन. 2020 मध्ये नॉर्वेतल्या संशोधकांनी उत्तर समुद्रातल्या सँडइल या माशासाठी डीप लर्निंगचं प्रारूप बनवलं, तेही उत्तम काम आहे. पण त्या प्रारूपाचे खाने किती होते ठाऊक आहे? तीनच: सँडइल, इतर, आणि रिकामं पाणी. त्या ‘इतर’वर क्षणभर थांबा. ससून डॉकचा किंवा मालवणचा सकाळचा लिलाव बघितलेल्या माणसाला सांगा की तारली सोडून बाकी सगळं ‘इतर’ आहे. तो हसेल, नाहीतर हातातली टोपली डोक्यात घालेल.

आणि त्या प्रारूपाला सँडइल ओळखायला शिकवलं कुणी? वर्षानुवर्षं समुद्रावर जाऊन, जाळं टाकून, वर आलेला मासा हातात घेऊन, मग पडद्यावरच्या त्या त्या डागाभोवती रेघ ओढून ‘हा सँडइल’ असं लिहिणाऱ्या माणसांनी. यंत्र त्यांचं अनुकरण करतं. ज्या जाळ्याला आणि ज्या जीवशास्त्रज्ञाला तुम्ही निकालात काढायला निघालात, त्यांच्याच वहीतून हे यंत्र शिकलं आहे. अरबी समुद्रातल्या तारली, पेडवे, मांदेली, बांगडा, वाकटी यांच्या अशा वह्या आपल्याकडे किती तयार आहेत? नमुना नाही, खूण नाही, आणि प्रारूप मात्र तयार. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ही म्हण याच प्रसंगासाठी जन्माला आली असावी.

उत्तर समुद्रात वेगवेगळ्या कंप्रतांचे ध्वनी एकाच वेळी सोडून माशांचे गट पाडता येतात, हे खरं आहे. मॅकरेल 38 किलोहर्ट्झला दबकून असतो आणि 200 ला अधिक मोठ्यानं बोलतो, त्यावरून त्याला हेरिंगपासून वेगळं काढतात. हे यश मी नाकारत नाही. पण ते मोजक्या जातींच्या, थंड पाण्याच्या समुद्राचं यश आहे. तिथे एका थव्यात बहुधा एकच जात असते आणि हवा आहे की नाही एवढ्या एका प्रश्नानं निम्मं काम होतं. उष्ण कटिबंधातल्या उथळ पाण्यात डझनावारी जाती एकाच लांबीच्या, त्यातल्या बहुतेकींना वाताशय, आणि थवे सरमिसळ. तिथला विजय इथे आयात कसा करणार? यंत्र बोटीत घालून आणता येतं, समुद्र आणता येत नाही.

आता सगळ्यात मोठा घोटाळा. समजा, देव पावला आणि यंत्रानं जात अचूक ओळखली. तरी मासा किती टन आहे हे ते सांगू शकत नाही. परत आलेल्या एकूण प्रतिध्वनीला एका माशाच्या प्रतिध्वनीनं भागायचं, की संख्या मिळते. एका माशाचा प्रतिध्वनी किती, हे त्याच्या लांबीवर अवलंबून. दाट थव्यात मासे एकमेकांच्या आवाजात मिसळलेले असतात, तिथे सुटी लांबी मिळतच नाही. ती कुठून येते? जाळ्यातून. जाळं टाकायचं, शेकडो मासे फूटपट्टीवर ठेवायचे, सरासरी काढायची आणि ती सूत्रात घालायची. जाळं काढून टाकलंत तर हा भागाकारच होत नाही. ‘जाळ्याविना ध्वनिसर्वेक्षण’ म्हणजे छेदाविना अपूर्णांक. तो मागणाऱ्यांना एकतर गणित येत नाही, नाहीतर उत्तराची गरज नाही.

पेरूकडे बघा. अँकोव्हेटाच्या मासेमारीनं 1970 मध्ये सव्वा कोटी टनांच्या आसपास मजल मारली. अतिरेकी उपसा आणि 1972 चा एल निन्यो यांनी ती अशी कोसळली की 1973 मध्ये ती पंचवीस लाख टनांच्याही आत आली. त्या धड्यानंतर ‘इमार्पे’ या त्यांच्या समुद्रविज्ञान संस्थेचा अंदाज मिळाल्याशिवाय हंगाम उघडायचा नाही, अशी शिस्त हळूहळू रुजली. 2023 मध्ये उत्तर-मध्य किनाऱ्यावरचा पहिला हंगाम रद्द झाला. का? पडद्यावर थवे दिसले नाहीत म्हणून नव्हे. जाळ्यात आलेल्या माशांत पिल्लांचं प्रमाण फार होतं म्हणून. जगातल्या सर्वात मोठ्या मासेमारींपैकी एक थांबवण्याचा निर्णय बारा सेंटिमीटरच्या खुणेपाशी ठेवलेल्या माशानं ठरवला. पडद्यावर पिल्लांचा थवाही लालभडकच दिसतो.

‘बरं, सरकारी जहाज नको. प्रत्येक बोटीवर फिश फाइंडर आहेच, तोच आमचा सर्वे,’ हा पुढचा युक्तिवाद. ऐकायला स्वस्त आणि लोकशाहीवादी. पण मच्छीमार समुद्रात मासा आहे का हे तपासायला जात नाही, जिथे मासा आहे तिथे जातो. तेच त्याचं काम आहे. सर्वेक्षण जहाज मात्र आखलेल्या रेषांवरून चालतं, रिकाम्या पाण्यातूनही, आणि त्या रिकामेपणाचीही नोंद करतं. शून्य हासुद्धा आकडा आहे, फिश फाइंडरच्या कहाण्यांत तो कधीच येत नाही. शिवाय संशोधनाच्या सोनारखाली मोहिमेआधी 38.1 मिलिमीटर व्यासाचा टंगस्टन कार्बाइडचा गोळा दोऱ्यांनी टांगतात आणि त्याच्या माहीत असलेल्या प्रतिध्वनीवरून यंत्राचा काटा तपासतात. बोटीवरच्या यंत्राची चकती खलाशी सोयीप्रमाणे फिरवतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही, कारण त्याला मासा हवा असतो, आकडा नको असतो. न तपासलेल्या काट्यानं भाजीवाल्यानं मापलं तर वैधमापनवाले येतात. समुद्र मापायला मात्र कोणताही काटा चालतो?

पेरूतच 1966 पासून ‘युरेका’ नावाच्या मोहिमांत मासेमारी बोटी सर्वेक्षणाला वापरल्या गेल्या, हे मला कुणी सांगायला नको. त्या बोटींना ठरवून दिलेल्या रेषा होत्या आणि त्यांच्यावर शास्त्रीय पथकं होती. म्हणजे बोट मच्छीमाराची, शिस्त सर्वेक्षणाची. तेवढी शिस्त मान्य असेल तर माझी हरकत कशाला असेल? पण शिस्तीचा विषय निघाला की हे स्वस्तवादी नेमके पांगतात.

आणि शिस्त पाळली तरी साधनाच्या मर्यादा उरतातच. जहाजाखालचे पहिले काही मीटर सोनारला ऐकूच येत नाहीत. तळालगतचा थर तळाच्या प्रचंड प्रतिध्वनीत बुडतो. वरच्या आंधळ्या पट्ट्यात तारलीसारखे पृष्ठभागाजवळ फिरणारे थवे निसटतात, खालच्या पट्ट्यात तळचे. उथळ किनाऱ्यावर हे दोन पट्टे वजा केले की उरतं काय? त्यात जहाजाला घाबरून मासे बाजूला होतात ते वेगळंच. या प्रश्नावर 2000 मध्ये ‘नेचर’मध्ये एका चमूनं लिहिलं की शांत इंजिनाच्या जहाजापासून हेरिंग पळत नाही. मग 2007 मध्ये नॉर्वेच्या एगिल ओना आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मुद्दाम शांत बांधलेल्या ‘जी. ओ. सार्स’पासून हेरिंग जुन्या, आवाज करणाऱ्या जहाजापेक्षा जास्त दूर पळाला! शास्त्रज्ञ आपल्याच साधनाला असे सतत चिमटे काढत असतात. यंत्रं विकणाऱ्यांच्या पंचवीस पानी माहितीपत्रकात असा एक तरी चिमटा कुणाला सापडला तर मला जरूर कळवावं.

आणि सर्वात घातक समजूत शेवटी घेतो: ‘पडदा भरलेला आहे, म्हणजे समुद्र भरलेला आहे.’ ही समजूत नॉर्वेनं महागात विकत घेतली. 1950 च्या दशकात वसंतात विणाऱ्या हेरिंगचा साठा जगातल्या सर्वात मोठ्या साठ्यांपैकी एक होता. 1960 च्या दशकात पर्ससीन बोटींवर सोनार आला आणि जाळं ओढणारी यांत्रिक कप्पी आली. थवा दिसला की घेरायचा, घेरला की उपसायचा. बोटींच्या पडद्यावर हेरिंग शेवटपर्यंत दिसत राहिला, कारण थव्यानं राहणारा मासा कमी झाला म्हणून विरळ होत नाही, उरलेला पुन्हा एकत्र येतो. सोनार त्या उरलेल्यांचा पत्ता देत राहिला. 1970 च्या सुमारास साठा जवळपास संपला, मासेमारी बंद करावी लागली आणि सावरायला दोन दशकं लागली. यंत्र तेव्हा चुकलं नव्हतं. थवा दाखवणं हे त्याचं काम त्यानं चोख केलं. चुकले ते थवा दिसण्याला साठा मोजणं समजणारे.

हाच वाद महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर वर्षानुवर्षं धुमसतो आहे. पर्ससीनवर राज्य सरकारनं 2016 मध्ये निर्बंध आणले, त्यानंतरही भांडण मिटलेलं नाही. पर्ससीनवाला म्हणतो, माझ्या पडद्यावर मासाच मासा आहे. रापणकार म्हणतो, किनाऱ्यावर ओढलेलं जाळं रिकामं येतं. आपण तिसरे लोक, दोघांपैकी एक खोटं बोलतो असं धरून चालतो. पण दोघंही एकाच वेळी खरं बोलत असू शकतात: साठा आक्रसला, किनारा सुटला आणि उरलेले थवे खोल पाण्यात घट्ट झाले, तर पडदा भरलेला आणि रापण रिकामी. यातलं खरं काय आहे, हे ठरवायला रेषेवरून चालणारं, जाळं टाकणारं, दरवर्षी त्याच जागी परतणारं सर्वेक्षण लागतं. कुणाच्याही बोटीवरचा पडदा त्याला पुरा पडत नाही.

‘ती सोय आपल्याकडे आहेच’ असंही सांगितलं जातं. संभाव्य मासेमारी क्षेत्रांची माहिती हैदराबादच्या ‘इन्कॉइस’कडून येते. ती उपग्रहानं टिपलेल्या पृष्ठभागाच्या तापमानावर आणि हरितद्रव्यावर बेतलेली असते. उपयुक्त आहे, पण त्यात मासा कुणी मोजलेला नसतो. कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था बंदरांवर उतरलेली मासळी नमुना पद्धतीनं मोजते. फार मोलाचं काम, पण ती पकडलेल्या माशाची मोजदाद आहे. केरळात 2012 मध्ये उतरलेली तारली सुमारे 4 लाख टन होती, 2021 मध्ये ती साडेतीन हजार टनांच्याही खाली गेली. ती मेली, की दुसरीकडे गेली, की खोल उतरली? बंदरावरचा काटा याचं उत्तर देऊ शकत नाही. आणि आपण हे कधी केलंच नाही असंही नाही. 1970 च्या दशकात नॉर्वेच्या मदतीनं, कोचीला तळ ठेवून, ‘रास्ट्रेलिगर’ आणि ‘सार्डिनेला’ या जहाजांनी नैर्ऋत्य किनाऱ्यावर ध्वनीनं सर्वेक्षण केलं, तेव्हाही सोबत जाळं होतंच. पन्नास वर्षांपूर्वीच्या माणसांना जे कळत होतं, ते महागडे संगणक हाती आल्यावर आपल्याला कळेनासं झालं आहे.

म्हणून कुणी ‘यंत्रानं थवा ओळखला’ असं म्हटलं की त्याला थेट विचारावं: कुठल्या जाळ्यानं खात्री केली? काटा कधी तपासला? लांबी कुठून आणली? आंधळ्या पट्ट्यांचं काय केलं? चूक किती टक्के, आणि ती कुणी काढली? उत्तरं असतील तर त्या माणसाला जहाज द्या, पैसे द्या, वीस वर्षांचा वेळ द्या. नसतील, तर त्याचा आकडा परवान्याच्या फायलीत जाता कामा नये, मासेमारीची मर्यादा ठरवणाऱ्या बैठकीत नको आणि बातमीच्या मथळ्यात तर नकोच नको. प्रतिध्वनी ही साक्ष आहे. ती उलटतपासणीला उभी राहिली तरच निकालात घ्यायची. उलटतपासणी घेणारं जाळं, फूटपट्टी आणि जीवशास्त्रज्ञ यांना खर्च म्हणून कापून टाकणारे विज्ञानाची बाजू घेत नाहीत. समुद्रात काय आहे हे आपल्याला कधीच न कळण्याची व्यवस्था ते करत आहेत, आणि वर त्याचं बिलही आपल्यालाच लावत आहेत.